बाल्कनीतली एकशे त्रेचाळीस

वहिनी : हसण्यावारी नेऊ नका भावजी. सरळ सांगा. माझ्या मंगळवारच्या नोंदी तुम्ही कुठे टाकल्यात?

भावजी : कुठे म्हणजे? मोबाइलवरच्या सामायिक माहितीसाठ्यात. नऊ वर्षं, एकही मंगळवार न चुकता. वहिनी, जरा बाजूला सरकता का? तुम्ही नेमक्या फलकासमोर उभ्या आहात.

वहिनी : कसला फलक? इथे नुसता खिळा आहे.

भावजी : फलक यायचाय. खिळा मी आगाऊ ठोकून ठेवला. दादा बोलला नाही तुम्हाला? माहितीसाठ्याच्या कार्यालयातून बाई येताहेत. ‘फुलपाखरे व पतंग यांचे समृद्ध स्थळ, प्रथम क्रमांक.’ पितळी अक्षरं. चार वाजता इमारतीचे सचिवही येणार आहेत. दोन शब्द बोला म्हणाले, मी चार पानं लिहिलीत.

वहिनी : तुमच्या दादांना उशी दिसली की निरोप-बिरोप सगळं विरघळतं. पण समृद्ध स्थळ कुठलं म्हणालात?

भावजी : हेच की. ही बाल्कनी.

वहिनी : ही? जिथे तुमची बनियन वाळते?

भावजी : ती काढली मी सकाळीच. सगळं झाडून-पुसून घेतलंय. जाळी धुतली, खुर्चीला पॉलिश केलं. ती लिंबाची कुंडी बघा, एकेक पान ओल्या फडक्याने पुसलंय. पक्ष्यांनी नुसती घाण करून ठेवली होती.

वहिनी : पानं पुसलीत? कुठली घाण?

भावजी : ते राहू द्या. हे कार्ड बघा. ‘फुलपाखरू-अभ्यासक’. खाली बारीक अक्षरात ‘सेवानिवृत्त मुख्य नोंद-कारकून, पाणी मीटर खातं’. ते बारीकच ठेवायला सांगितलं मी.

वहिनी : भावजी, आज सकाळी आमच्या दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं होतं. लाँड्रीमागच्या जागेवर उद्यापासून फरशा बसवणार आहेत. गाड्या लावायला.

भावजी : बरं होईल. तिथे काय, गवत आणि साबणाचं पाणी.

वहिनी : मी म्हटलं, साहेब, तिथे एकशे त्रेचाळीस जातींची पाखरं आहेत. नऊ वर्षं मोजतेय. माझी लिहून ठेवलेली नोंद आहे. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. म्हणाले, बघा बाई, परवानगीआधी आम्ही नकाशा तपासला. सगळ्या गावभर ठिपके आणि लाँड्रीमागे कोरं. शून्य. आणि तुमच्या या इमारतीवर, भावजी, पोळीएवढा लाल ठिपका.

भावजी : पोळीएवढा?

वहिनी : खूश होऊ नका. माझा जीव टांगणीला लागलाय.

भावजी : असेल काहीतरी तांत्रिक. यथावकाश बघू. बेल वाजली! आल्या वाटतं. वहिनी, तुम्ही त्या स्टुलावर बसा. आणि एक विनंती आहे, तुम्ही मध्ये बोलू नका.

वहिनी : मी कशाला बोलू? मला ऐकायचंच आहे.

भावजी : यावं, यावं! तुम्ही साडेतीनलाच आलात. फलक कुठाय?

तपासनीस : खाली गाडीत. आधी पडताळणी, मग फलक. मी माहितीसाठ्याची तपासनीस. तुम्ही नकाशावर ठिपका टाकून जे स्थळ दाखवलंय, तेच का हे? बाल्कनी?

भावजी : हेच. आपल्या चरणस्पर्शाने…

तपासनीस : बूट बाहेर काढलेत मी. टेप धरता का त्या टोकाला? तीन मीटर लांब. दीड मीटर रुंद. तिसरा मजला. खाली स्कूटर. बरं. काका, तुमच्या फेरीची लांबी नोंदीत चारशे मीटर आहे.

भावजी : चारशेच.

तपासनीस : या बाल्कनीत?

भावजी : मी येरझाऱ्या घालतो.

तपासनीस : म्हणजे एकशे तेहेतीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वर थोडं.

भावजी : वय झालं तरी पाय अजून शाबूत आहेत.

तपासनीस : वाटेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर बघायचं, असा नियम आहे. एका बाजूला तुमचं स्वयंपाकघर येतं. दुसऱ्या बाजूला हवा. तिथे तुम्ही कसे बघता?

भावजी : वाकून.

वहिनी : अगं बाई.

तपासनीस : या कोण?

वहिनी : मी यांची वहिनी. दवाखान्यात फाटक्या चादरी शिवते. माझ्याकडे लक्ष देऊ नका ताई, तुम्ही विचारा. मला असं ऐकायला रोज मिळत नाही.

तपासनीस : ही नोंद बघा. ‘ओल्या चिखलावर पाणी पिणारी निळी फुलपाखरे, चौऱ्याऐंशी.’ एका वेळी चौऱ्याऐंशी. चिखल कुठाय?

भावजी : कुंडीला त्या दिवशी पाणी जास्त झालं असावं.

तपासनीस : एका कुंडीत चौऱ्याऐंशी?

भावजी : गर्दी होती. मी स्वतः जरा मागे सरकून उभा होतो.

वहिनी : त्यांना जागा दिलीत, चांगलं केलंत.

भावजी : वहिनी!

तपासनीस : आता फोटो. दोनशे बारा फोटो आहेत तुमचे, आणि बहुतेकांच्या मागे पिवळी भिंत आहे. पोपडे निघालेली. आणि हा जाड पाइप, कापडी पट्ट्या गुंडाळलेला. तुमची भिंत तर निळी आहे.

भावजी : रंग दिला.

तपासनीस : आणि पाइप?

भावजी : काढला.

तपासनीस : काका, मागच्या मंगळवारच्या फोटोत पाइप आहे. त्याच्या आधीच्याही. दर मंगळवारी लावायचा आणि बुधवारी काढायचा, असं होतं का?

वहिनी : वाफेचा आहे तो. हात लावाल तर सोलून निघाल, भावजी. सांभाळून लावत-काढत जा.

तपासनीस : तुम्हाला कसं माहीत, वाफेचा आहे ते?

वहिनी : माझ्याकडे लक्ष देऊ नका म्हटलं ना.

तपासनीस : मग एकच विचारते, मुद्दाम तुम्हाला. एका नोंदीत शेऱ्याच्या जागी नुसतं लिहिलंय, ‘उलटं अस्तर, उजवी बाही फाटकी’. आमच्या कार्यालयात सहा जणांनी डोकं खाजवलं. हे काय आहे?

वहिनी : पतंग आहे तो. वरून बघाल तर साधा गोणपाटासारखा. भिंतीला चिकटून बसला की भिंतच वाटतो. पण दचकला आणि वरचे पंख जरा सरकले की आत केशरी अस्तर, काळ्या काठाचं. जगाला गोणपाट दाखवायचं आणि रेशीम आतून लावायचं. म्हणून उलटं अस्तर. उजवा पंख पक्ष्याने खाल्ला होता. तीन आठवडे तोच येत होता, त्या बाहीवरून ओळखायची मी.

तपासनीस : ही मोजणी तुमची आहे.

भावजी : तसं काटेकोर बघायला गेलं तर… निरीक्षण त्यांचं, त्या चिठ्ठीवर लिहून देतात, फोटो त्यांच्या साध्या फोनवरचे. नोंद माझी. आमच्या खात्यात मीटर वाचणारा वेगळा आणि नोंदवणारा वेगळा. नाव नोंदवणाऱ्याचंच लागतं. वाचणारे काय, बदलत राहतात.

वहिनी : मी नऊ वर्षांत एकदाही बदलले नाही.

तपासनीस : आणि ठिकाण?

भावजी : तेही नियमानुसारच. मीटर गावात कुठेही असो, नोंद जिथे होते ती जागा लिहायची. कार्यालय, खोली क्रमांक चार. बत्तीस वर्षं मी तेच लिहिलं, कोणी बोट दाखवलं नाही. इथेही पहिल्याच दिवशी मोबाइलने विचारलं, सध्याचं ठिकाण वापरू का? मी म्हटलं, वापर. पुन्हा विचारलं, कायम असंच ठेवू का? आता रोज कोण उत्तर देत बसणार? मी ‘कायम’ दाबलं.

वहिनी : म्हणजे माझी एकशे त्रेचाळीस जातींची पाखरं नऊ वर्षं तुमच्या खुर्चीखाली बसलीत.

भावजी : मला खरंच कळलं नव्हतं, वहिनी. दोन महिन्यांपूर्वी पत्र आलं, ‘आपले स्थळ प्रथम’. तेव्हा जरा शंका आली.

वहिनी : मग?

भावजी : मग मी कार्डं छापायला टाकली.

तपासनीस : काका, हे दुरुस्त करता येतं. पण मला दोन गोष्टी लागतील. खरी जागा कुठली याचा पुरावा, आणि तुमचं बोट. खातं तुमचं आहे. तुम्ही स्वतः ‘ठिकाण बदला’ दाबल्याशिवाय एक ठिपकाही हलत नाही. मूळ चिठ्ठ्या कुठे आहेत?

भावजी : फाडल्या.

वहिनी : फाडल्या?

भावजी : नोंद झाली की चिठ्ठी फाडायची, नाहीतर दुबार नोंद होते. ही आमच्या खात्याची जुनी पद्धत. चार तुकडे, आडवे-उभे.

वहिनी : अहो, जेवणाच्या सुट्टीत पाव तास उपाशी राहून लिहायची मी त्या.

तपासनीस : मग अवघड आहे. फोटोंवरून जागा ही नाही एवढं सिद्ध होतं. ती कुठली, हे नाही होत.

वहिनी : चिठ्ठ्यांवर माझा जीव नव्हताच म्हणा. लाँड्रीत कागद टिकत नाही, वाफेने मऊ पडतो. दोरा टिकतो. थांबा.

(वहिनी पिशवीतून पांढरी चादर काढून जमिनीवर पसरते. चादर काठापासून काठापर्यंत दोऱ्यांनी भरलेली आहे.)

तपासनीस : हे… हे काय आहे सगळं?

वहिनी : टाकाऊ चादर आहे, घाबरू नका, दवाखान्याची चोरली नाही. मधोमध हा डाग जात नव्हता म्हणून बाद केली. डागाला मी झुडूप करून टाकलं, जागेवरही तिथे झुडूपच आहे. ही काळी टीप म्हणजे माझी वाट. हा बॉयलर. हा साबणाच्या पाण्याचा ओहोळ. हे फाटक, ज्याच्यावर दिवा आहे. वाटेवर नऊ खुणा. दर खुणेपाशी गाठी, एक गाठ म्हणजे एक पाखरू. दहा झाली की फुली. दोऱ्याचा रंग आणि गाठीची तऱ्हा जातीवरून.

तपासनीस : आणि तारखा?

वहिनी : उजव्या काठाला. एक टाका म्हणजे एक मंगळवार. वर्ष संपलं की लाल टाका. हे बघा, नऊ लाल. इथे पाच टाके सुटलेत, तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता. खोटे टाके मी घातले नाहीत.

भावजी : त्या पाच आठवड्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत.

तपासनीस : त्यांच्याकडे नाहीत, आणि तुमच्याकडे आहेत?

भावजी : मागच्या आठवड्यांची सरासरी काढून घातल्या. रकाना रिकामा ठेवायचा नाही, अशी…

वहिनी : …आमच्या खात्याची जुनी पद्धत. कळलं.

तपासनीस : ते पाच आठवडे मी आत्ताच खोडते. बाई, वाटेवरच्या खुणा तुम्हाला पाठ आहेत? चादर न बघता?

वहिनी : मशीन चालवताना म्हणत असते मी. हसाल तुम्ही.

तपासनीस : म्हणा ना.

वहिनी : पहिली माझी खूण, उबेच्या भिंतीपाशी,
पंख उघडून बसे, उन्हाला तीच हौशी.
दुसरी माझी खूण, साबणाच्या ओहोळाला,
निळ्यांचा मेळा जमे, घोटभर पाण्याला.
अशा नऊ आहेत. शेवटची फाटकाची. दिवा तिथे रात्रभर जळतो, पण मी सकाळी कामावर येताना बघते, तोवर ती दमून झोपलेली असतात.
नववी माझी खूण, फाटकाच्या दिव्यापाशी,
पतंग झोपलेला, अस्तर घेऊन उशाशी.

भावजी : ही कविता तुम्ही मला कधी म्हणून दाखवली नाहीत.

वहिनी : तुम्ही ऐकलीत तर चार तुकडे कराल, आडवे-उभे.

तपासनीस : मी आठ वर्षं हे काम करतेय. महागडे कॅमेरे घेऊन फिरणारे दोन महिन्यांत थकतात. दर आठवड्याला, त्याच वाटेने, तेवढ्याच वेळात नऊ वर्षं, अशा नोंदी माझ्याकडे आणखी तीनच जागांच्या आहेत. त्या तिन्ही ठिकाणी पगारी माणसं आहेत. आणि ही सगळी या स्कूटरच्या डोक्यावर!

वहिनी : ताई, व्यवस्थापकांनाही दाखवली मी ही चादर. म्हणाले, काम सुरेख आहे, आमच्या पडद्यांनाही असं काहीतरी करा. पण संगणकात काही नाही. उद्या सकाळी आठला जमीन सपाट करायचं मशीन येणार.

तपासनीस : उद्या? आजच्या नकाशावर?

वहिनी : म्हणजे?

तपासनीस : काम उद्याचं, म्हणजे नियमानुसार त्यांची परवानगी आज पाच वाजताच्या नकाशावर पक्की होणार. पाचच्या आत तिथे पन्नासहून जास्त जाती दिसल्या, तर आधी पाहणी करावी लागते. पाहणीशिवाय फरशी नाही. पाचनंतर ठिपका हलवून काही उपयोग नाही. काका, चार वाजत आलेत. मी चादरीचे फोटो घेतलेत, पुरावा जोडलाय. हे बटण तुमच्या मोबाइलवर आलं असेल.

भावजी : आलंय. याने नेमकं काय होईल?

तपासनीस : सगळ्या नोंदी लाँड्रीमागे जातील. निरीक्षक म्हणून यांचं नाव लागेल. तुमच्या खात्यावर ‘ठिकाण सदोष’ असा शेरा पडेल. तुमच्याकडे शून्य.

भावजी : प्रथम क्रमांक?

तपासनीस : क्रमांकच नाही.

भावजी : यात मधला मार्ग… म्हणजे सत्तर तिकडे, सत्तर इकडे? पन्नासच लागतात ना तिकडे? वरची तीन तुम्ही घ्या वहिनी, तुमची मेहनत आहे.

वहिनी : वाटणी करताय? पाखरांची?

भावजी : फलक एकदा लागू द्या. उद्या दुपारी दाबतो.

वहिनी : उद्या दुपारी तिथे रोलर फिरत असेल.

भावजी : तुमचं काय जातं हो बोलायला! बत्तीस वर्षं मी रकाने भरले. सुवाच्य अक्षरात. एकाने, एकाने तरी उघडून बघितलं असेल का ते रजिस्टर? मी निवृत्त झालो त्या दिवशी ती सगळी रजिस्टरं खोली क्रमांक चारमधून खाली नेली आणि दाराला टेकू म्हणून लावली. आणि इथे, पहिल्याच महिन्यात कुठल्या तरी अनोळखी माणसाने माझ्या नोंदीखाली लिहिलं, ‘उत्तम नोंद’. उत्तम! मी ते बायकोला उठवून दाखवलं होतं. आता सचिव वीस माणसं घेऊन जिन्यात येतील, त्यांना मी काय दाखवू? खिळा?

वहिनी : मला माहीत होतं ते. म्हणून तर तुमच्याकडे चिठ्ठ्या द्यायची. घरात बाकीही होते मोबाइलवाले. तुमच्या दादांना म्हटलं, भावजी दिवसभर खुर्चीत बसून भिंत बघतात, त्यांच्या हाताला काहीतरी लागू दे. नाव कोणाचं लागतंय, हे मी कधी विचारलं का? एकदा तरी?

भावजी : नाही.

वहिनी : ‘उत्तम नोंद’ तुमची, ती घ्या, फ्रेम करून लावा. मला फलक नको, कार्ड नको. माझ्या शिवणखोलीला खिडकी नाही भावजी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नळीचा दिवा आणि फाटलेल्या चादरी. आठवड्यातून पाऊण तास मी त्या वाटेने चालते, तेवढंच. तेवढी चारशे मीटर. ती फरशीखाली घालू नका.

(भावजी लिंबाच्या कुंडीचा काठ बोटाने पुसू लागतात.)

वहिनी : आणि ती कुंडी. मघाशी तुम्ही कार्ड पुढे केलंत म्हणून राहिलं. लिंबाच्या पानांवरची कुठली घाण पुसलीत तुम्ही?

भावजी : पक्ष्यांची. काळपट, वर पांढरा ठिपका. ओलसर. पानाच्या वरच चिकटलेली. सहा-सात ठिकाणी होती.

तपासनीस : अरे देवा.

भावजी : का? काय झालं?

वहिनी : ती हलत होती का?

भावजी : घाण कशी हलेल? एक जरा… फडक्याला चिकटून वर आली खरी.

वहिनी : अळ्या होत्या भावजी. लिंबावरच्या फुलपाखराच्या. लहान असताना त्या तशाच दिसतात, पक्ष्याने खाऊ नये म्हणून. पक्षी फसतो.

तपासनीस : आणि अभ्यासकही.

भावजी : म्हणजे इथे… या बाल्कनीत… खरोखरची होती?

वहिनी : होती. सकाळपर्यंत.

भावजी : फलकासाठी पुसली मी.

वहिनी : चकचकीत पुसलीत.

भावजी : फडकं धुवून टाकलं. कुठाय ते… नाही, साबणाच्या पाण्यात घातलंय. मघाशी त्याच हाताने कार्डं मोजली मी. एकशे त्रेचाळीस जातींचा मी मालक, आणि माझ्या नाकासमोर सहा होत्या त्या… बाई, ते बटण कुठलं म्हणालात?

तपासनीस : खाली. हिरवं. ‘ठिकाण बदला’.

भावजी : विचारतंय, खात्री आहे का?

तपासनीस : आहे म्हणा.

भावजी : आता विचारतंय, पुढच्या नोंदींसाठी कायम असंच ठेवू का?

वहिनी : भावजी!

भावजी : नाही दाबलं. ‘नाही’ दाबलं वहिनी. शिकलो एवढं.

तपासनीस : एक मिनिट. नकाशा ताजा करते. हा गेला तुमचा लाल ठिपका. आणि लाँड्रीमागे… आला. एकशे त्रेचाळीस. चार वाजून आठ मिनिटं. परवानगी कार्यालयाला सूचना आपोआप गेली. मी फोनही करते, सूचना वाचत नाहीत लेकाचे. हॅलो? हो, तपासणी विभाग. दवाखान्याच्या लाँड्रीमागचं काम. थांबवा. पाहणी लागेल… नाही, रिकामी नाही जागा. नकाशा उघडा आणि बघा… आत्ता बघा, मी फोन धरून आहे… दिसला? लेखी पाठवा.

वहिनी : काय म्हणाले?

तपासनीस : उद्याचं मशीन येणार नाही. पाहणीची तारीख नंतर कळवतील. पुढे काय ते पाहणी झाल्यावर. मी खोटी खात्री देणार नाही.

वहिनी : नको. पुढचा मंगळवार मिळाला. मला एका वेळी तेवढाच लागतो.

भावजी : खाली आवाज येतोय. सचिव आले वाटतं माणसं घेऊन.

वहिनी : येऊ द्या. जिना चढून दमतील, पाणी द्या.

भावजी : काय सांगू त्यांना? माझ्या नावावर आता काय आहे?

तपासनीस : शून्य. आणि शेरा.

भावजी : बरोबर आहे. शून्य. बत्तीस वर्षांत शून्य लिहायची वेळ कधी आली नव्हती. वहिनी, तुम्ही कुंडीशी काय करताय? राहू द्या ती आता, झालं ते झालं.

वहिनी : चष्मा लावा आणि इकडे या. तुमचा हात या मागच्या फांदीला पोचला नाही वाटतं. काटे आहेत म्हणून. हे पान बघा.

भावजी : ही… ही घाणच आहे ना?

वहिनी : मला कशाला विचारता? अभ्यासक तुम्ही. काडीने हळूच डिवचा. फडक्याने नाही, काडीने.

भावजी : डिवचलं. अगं आई गं! शिंगं काढली! डोक्यातून, नारिंगी, दोन… आणि वास! लिंबू सोलल्यासारखा. बाई, बघितलंत? माझ्यावर चिडलीय ती!

तपासनीस : चिडायला हवंच.

वहिनी : मग लिहा आता. अळी, एक.

भावजी : एक. लिहिलं. वहिनी, हे पुन्हा विचारतंय. ठिकाण काय टाकू?

वहिनी : जिथे उभे आहात, ते.